‘मुलाला थिऑलॉजी सोडायला लावू का?’

ताई, सलाम.

आम्ही नगरचे. अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय लागलेली नाही. सासऱ्यांच्या आजोबांपासून आमचं घर मिशनच्या मंडळीत. गेली काही वर्षं मात्र रविवारी चर्च आणि शुक्रवारी संध्याकाळी एका फेलोशिपची प्रार्थनासभा, असं चालतं. माझ्या थोरल्याचा नवा जन्म तिथंच झाला, पहिली साक्ष त्यानं तिथंच दिली आणि बी.एस्सी. झाल्यावर सेवेत जायचं ठरवलं. आता तो बी.डी.च्या, म्हणजे थिऑलॉजीच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरापासून लांब.

नाताळच्या सुट्टीत आला तो वेगळाच. घरच्या प्रार्थनेत मार्कचा सोळावा अध्याय वाचून झाला, तर म्हणाला, “शेवटच्या बारा ओव्या सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नाहीतच.” ह्यांनी शास्त्र मिटलं आणि उठून गेले. शुक्रवारी फेलोशिप चालवणाऱ्या ब्रदरनी त्याला साक्षीला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला उभं केलं, तर म्हणे, “सध्या माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.” सभेत चुळबुळ झाली. नंतर ब्रदरनी आम्हांला बाजूला घेतलं. म्हणाले, “लेख जिवे मारतो, परंतु आत्मा जिवंत करतो. ह्या कॉलेजांनी कितीतरी पोरं बिघडवलीत. काढून घ्या. आमच्या ओळखीच्या सेंटरला सहा महिन्यांचा कोर्स आहे, तिथं घाला.” ह्यांनाही ते पटलंय. मुलगा फोनवर हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही. मी दहावी शिकलेली बाई, त्याच्या पुस्तकांतलं मला काही कळत नाही. अभ्यासानं विश्वास जातो का? त्याला परत बोलावू का?

एक आई


ताई, सलाम.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरात निर्णय व्हायच्या बेतात दिसतोय. परत बोलावू नका. निदान ह्या कारणासाठी तरी नकोच.

आता मार्कचं. तुमचा मुलगा जे बोलला ते खरं आहे. संपूर्ण बायबलची म्हणावीत अशी आपल्याकडे असलेली सगळ्यांत जुनी दोन हस्तलिखितं चौथ्या शतकातली. एक सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठात सापडलं, दुसरं व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दोन्हींत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला संपतं. बाया कबरेपासून पळत सुटतात, भ्यालेल्या असतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि संपलं. पुढच्या बारा ओव्या नंतरच्या असंख्य प्रतींत आहेत, मंडळीनं त्या शतकानुशतकं वाचल्या आहेत, पण ह्या दोन प्रतींत त्या नाहीत. हे कुठल्या कॉलेजनं शिजवलेलं कारस्थान नाही. बायबलच्या कितीतरी छापील आवृत्त्यांत तळटीप म्हणून ते दिलेलं असतं. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी शास्त्र मिटलं ते एका खऱ्या गोष्टीवर. मुलाला तेच लागलं असणार. तो खोटं बोलला असता आणि त्याबद्दल रागावला असतात, तर त्यानं ते मुकाट्यानं सोसलं असतं.

ब्रदरांनी तुम्हांला जे सांगितलं त्याच्या मागे एक समजूत आहे: मनापासून प्रार्थना करणारी माणसं एका बाजूला, ग्रीक-हिब्रू शिकणारी दुसऱ्या बाजूला, आणि ह्या बाजूचा माणूस त्या बाजूला गेला की हातचा गेला. गंमत अशी, की तुमची शुक्रवारची सभा ज्या घराण्यातली आहे त्या घराण्याचा इतिहास ह्याच्या बरोबर उलटा आहे. घरी जमून वचन वाचायचं, एकमेकांना प्रश्न विचारायचे, मोठ्यानं प्रार्थना करायची, ‘माझा नवा जन्म कसा झाला’ हे सांगायचं, ही पद्धत आपल्याकडे येण्याच्या फार आधी जर्मनीत रुजली. फ्रँकफर्टच्या फिलिप याकोब श्पेनर नावाच्या पाळकानं १६७० मध्ये आपल्या घरी अशा सभा सुरू केल्या. ह्या लोकांना टवाळीनं पाएटिस्ट म्हणायचे, म्हणजे भक्तीचं फार स्तोम माजवणारे. श्पेनरनं १६७५ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं आणि चर्चच्या सुधारणेसाठी सहा गोष्टी सुचवल्या. त्यातली एक अख्खी सूचना थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांबद्दल आहे. पोरांना विद्यापीठातून काढून घ्या, असं त्यानं म्हटलं नाही. प्राध्यापकांनी मुलांच्या अभ्यासाइतकंच त्यांच्या जगण्याकडेही लक्ष द्यावं, हे त्याचं म्हणणं. वर्ग तिथंच राहतो, शिकवणाऱ्यावरची जबाबदारी तेवढी वाढते.

ह्या सगळ्यांत मला तुमच्या मुलाशी ओळख करून द्यावीशी वाटते ती आउगुस्ट हेरमान फ्रांकेची. ब्रदरांना हे नाव ठाऊक असेल तर अनाथाश्रमामुळे असेल. हाले नावाच्या गावी १६९५ मध्ये दानपेटीत चार थालर सोळा ग्रोशन सापडले आणि तेवढ्यावर त्यानं गरीब पोरांची शाळा काढली, ही गोष्ट विश्वासाचं उदाहरण म्हणून प्रवचनांत ऐकवतात. (त्या पैशांतून घेतलेली बहुतेक पुस्तकं पोरांनी परत आणलीच नाहीत, हा भाग मात्र प्रवचनात गाळतात.) पण त्याच्या आधीची गोष्ट ऐका. फ्रांके लायप्झिगला शिकत होता, हुशार होता, हिब्रू आणि ग्रीक त्याला चांगलं येत होतं. १६८६ मध्ये त्यानं काही मित्रांबरोबर एक अभ्यासमंडळ काढलं, बायबल मूळ भाषांत वाचायचं. पुढच्या वर्षी तो ल्यूनेबुर्गला गेला. तिथं त्याला एका चर्चमध्ये उपदेश करायला सांगितलं. त्यानं योहानाच्या विसाव्या अध्यायाची शेवटची ओवी निवडली, येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असा तुम्ही विश्वास धरावा म्हणून हे लिहिलं आहे, ती. तयारीला बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की ज्या विश्वासाबद्दल आपण बोलणार आहोत तो आपल्याकडे नाही.

तेव्हा तो २४ वर्षांचा होता, कितीतरी वर्षं थिऑलॉजी शिकलेला. पुढे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की त्या दिवसांत त्याच्या मनात आलं: तुर्कांना त्यांचं कुराण खरं वाटतं, यहुद्यांना त्यांचं तालमुद, मग आपलंच पुस्तक देवाचं वचन आहे हे कशावरून? उपदेश रद्द करायची वेळ आली. एका रात्री गुडघ्यांवर बसून, देव असलाच तर त्यानं आपल्याला ह्यातून सोडवावं, अशी त्यानं प्रार्थना केली. आणि उठला तेव्हा शंका गेलेली होती.

सभेत एवढंच सांगितलं तर सगळे हालेलुया म्हणतील. पण पुढं काय झालं ते बघा. त्यानं ग्रीक-हिब्रूची पुस्तकं जाळली नाहीत. १६९२ मध्ये तो हालेला आला. तिथलं नवं विद्यापीठ १६९४ मध्ये रीतसर उघडलं आणि त्यात तो ग्रीक आणि पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक झाला, नंतर थिऑलॉजीचा. आश्रमाच्या शेजारी शाळा उभ्या राहिल्या, औषधालय, छापखाना, ग्रंथालय झालं. गरीब विद्यार्थ्यांना आश्रमात जेवण फुकट मिळायचं, बदल्यात त्यांनी शाळेतल्या पोरांना शिकवायचं. १७१० पासून तिथं बायबल स्वस्तात छापायला लागले. जुळवलेले खिळे मोडायचे नाहीत, तसेच उभे ठेवायचे, म्हणजे पुढची आवृत्ती कमी खर्चात निघते, अशी युक्ती. मुलांना निसर्ग शिकवायला कुतूहलाच्या वस्तूंची एक खोली केली होती, शंखशिंपले, दगड, परदेशी चिजा, आणि छताला टांगलेली मगर. ती खोली आजही आहे, मगरीसकट. फ्रांके १७२७ मध्ये गेला तेव्हा त्याच्या शाळांत दोन हजारांहून जास्त मुलं शिकत होती. सकाळी गुडघे टेकणारी माणसंच दुपारी मगर दाखवून शिकवत होती.

‘अभ्यासानं विश्वास जातो का’ ह्या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणूनच असं आहे: कधीकधी जातो, खोटं कशाला सांगू. पण फ्रांकेची अडचण त्याच्या अभ्यासातून वर आली आणि त्याच्या अभ्यासानंच ती त्याच्यासमोर स्पष्ट मांडली. ती ओवी प्रामाणिकपणे वाचायला बसला नसता, तर घोकलेला उपदेश देऊन मोकळा झाला असता आणि कोणाला काही कळलंही नसतं. तुमच्या मुलानं सभेत घोकलेली साक्ष दिली नाही. मला तर त्याचं कौतुक वाटलं.

हस्तलिखितांच्या काळजीबद्दल आणखी एक माणूस. मुलाला त्याचं नाव कॉलेजात भेटलेलं असणारच, विचारा त्याला: योहान आल्ब्रेख्ट बेंगेल. हाही पाएटिस्ट, वुर्टेम्बर्गचा, कट्टर भक्तिवान. तो ट्यूबिंगेनला शिकत असताना, १७०७ च्या सुमारास, जॉन मिल नावाच्या इंग्रज विद्वानानं ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली, तिच्यात वेगवेगळ्या प्रतींतले जवळजवळ तीस हजार पाठभेद नोंदवलेले. बेंगेल हादरला. तीस हजार! मग देवाचं वचन नक्की कुठलं? त्याला कोणी घरी बोलावून घेतलं नाही. त्यानं पाठभेदांवर पांघरूण न घालता ते मोजायला, तोलायला घेतले. डेंकेनडॉर्फच्या जुन्या मठातल्या शाळेत तो २८ वर्षं मास्तर होता, पुढं पाळक होणाऱ्या पोरांना लॅटिन-ग्रीक शिकवायचा, आणि उरलेल्या वेळात हे काम. १७३४ मध्ये त्याची स्वतःची ग्रीक आवृत्ती निघाली. पाठभेद किती भक्कम, किती कच्चे, ह्याच्या पाच पायऱ्या त्यानं पाडल्या. एखादा पाठ किती प्रतींत आहे हे नुसतं मोजून भागत नाही, प्रतींची घराणी ओळखावी लागतात, हे त्यानं सांगितलं. आणि एक नियम दिला, जो आजही तुमच्या मुलाच्या वर्गात शिकवतात: दोन पाठांपैकी अवघड असेल तो बहुधा मूळचा. कारण नक्कल करणारा माणूस खडबडीत वाक्य गुळगुळीत करतो, गुळगुळीत वाक्य मुद्दाम खडबडीत करत नाही. आता मार्कच्या आठव्या ओवीकडे पुन्हा बघा. भ्यालेल्या बाया आणि अर्धवट तुटलेला शेवट. हे गुळगुळीत आहे का?

ह्या कामाबद्दल त्याला धार्मिक लोकांनीच शिव्या घातल्या, वचनाशी खेळतो म्हणून. त्याचा स्वतःचा निष्कर्ष मात्र असा होता, की ह्या तीस हजारांतला एकही फरक विश्वासाचा पाया हलवत नाही. सगळं तपासून तो इथं पोचला, न तपासता नव्हे. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यानं लॅटिनमध्ये एक वाक्य लिहिलं, त्याचा मतलब असा: स्वतःला पुरतं मजकुराला लाव, आणि मजकूर पुरता स्वतःला लाव. हे तुमच्या मुलाला पाठवा, लॅटिन तो शोधून काढील. (बेंगेलला फार वर चढवायला नको, म्हणून हेही सांगते: प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून हिशोब करून १८३६ मध्ये ख्रिस्ताचं सहस्र वर्षांचं राज्य सुरू होणार, असं त्यानं काढलं होतं. प्रकटीकरण आणि पाढे एकत्र आले की भलेभले घसरतात.)

आता दुसरी बाजू, कारण ह्याच लोकांनी ब्रदरांसारखंही एकदा केलं. हालेला क्रिस्टियान वोल्फ नावाचा तत्त्वज्ञ होता. १७२१ मध्ये त्यानं भाषण केलं, की चिनी लोकांना ख्रिस्ताची ओळख नसूनही कन्फ्यूशियसची शिकवण नीतीच्या बाबतीत चांगली आहे, म्हणजे माणसाची बुद्धी एवढं काम करू शकते. थिऑलॉजीवाले पाएटिस्ट खवळले, वाद राजाच्या कानावर गेला, आणि १७२३ मध्ये प्रशियाच्या राजानं हुकूम काढला: ४८ तासांत मुलूख सोड, नाहीतर फास. वोल्फ गेला, मारबुर्गला प्राध्यापक झाला, आणखी गाजला. १७४० मध्ये नवा राजा आला, त्यानं त्याला मानानं परत आणलं. आणि हाले काही वर्षांतच बुद्धिवाद्यांचं केंद्र म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पोरांना एक गोष्ट कळली होती: इथं उत्तर नसलं की माणसाला हाकलतात. तरुण पोरं असला धडा कधी विसरत नाहीत.

हे पुढचं मी खास तुमच्या मिस्टरांसाठी लिहितेय, त्यांना वाचून दाखवा. १७८७ सालची गोष्ट. हालेच्या परंपरेशी नातं असलेल्या मोरेव्हियन बंधुमंडळीची बार्बी गावी एक सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा होती. तिथं फ्रीडरिख श्लायरमाखर नावाचा १८ वर्षांचा मुलगा शिकत होता. बाप सैन्यातला पाळक, त्यानंच मोठ्या आशेनं मुलाला मोरेव्हियनांकडे घातलेलं. सेमिनरीत नवी पुस्तकं वाचायला बंदी, म्हणून पोरं चोरून वाचायची. नव्या लोकांचे आक्षेप काय आहेत ते शिक्षक धड सांगत नाहीत, नुसतं ‘ते वाईट’ म्हणतात, ही ह्या मुलाची तक्रार. जानेवारीत त्यानं वडिलांना पत्र लिहिलं, की जो स्वतःला मनुष्याचा पुत्र म्हणायचा तो खरा सनातन देव होता ह्यावर माझा विश्वास बसत नाही, त्याचं मरण आपल्याऐवजी होतं हेही पटत नाही. वडिलांचं काळीज फाटलं. त्यांनी उत्तरात गलतीकरांच्या पत्रातलेच शब्द वापरले, अरे बुद्धिहीन पोरा, तुला कोणी भुरळ घातली. जा मग त्या जगाकडे, ज्याचा मान तुला हवाय. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, पत्रव्यवहार त्यांनी तोडला नाही. मुलाला हाले विद्यापीठात जायची परवानगी दिली. तिथं मामा प्राध्यापक होता, त्याच्याकडे तो राहिला. बापलेक पुन्हा जवळ आले. तो मुलगा पुढं आयुष्यभर पाळक राहिला, बर्लिनला दर रविवारी उपदेश करायचा आणि तिथल्या नव्या विद्यापीठात थिऑलॉजीचा प्राध्यापक होता. १८०२ मध्ये मोरेव्हियनांच्या वस्तीला भेट देऊन आल्यावर त्यानं लिहिलं, की मी पुन्हा त्यांच्यातलाच झालोय, फक्त वरच्या इयत्तेतला. त्याची सगळी मतं तुम्हांला किंवा मला पटतील असं नाही. ब्रदरांना तर मुळीच पटणार नाहीत. पण बापानं त्या जानेवारीत दार लावून घेतलं असतं, तर तो पाळक झाला असता का, ह्याचा विचार मिस्टरांनी करावा.

साक्षीबद्दल दोन शब्द. फ्रांकेचा तो गुडघ्यांवरचा अनुभव खरा होता, पण हालेत पुढं त्याचा साचा झाला. आधी पापाची जाणीव, मग तळमळ, मग अमुक रात्री सुटका; ज्याच्याकडे अशी रात्र नाही त्याच्याकडे संशयानं बघायचं. हालेच्याच शाळेत वाढलेला काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ, ज्यानं मोरेव्हियनांना आपल्या जमिनीवर आसरा दिला, त्याला असा झगडा कधी आठवतच नव्हता. लहानपणापासून येशूवर प्रेम, एवढंच. त्याच्या पालटाबद्दल हालेवाल्यांनी शंका घेतली. ज्याच्या लोकांनी ग्रीनलंडपासून कॅरिबियन बेटांपर्यंत मिशनरी पाठवले त्याच्याबद्दल! ब्रदरांना प्रेमानं सांगा, की मुलाला काही महिने साक्षीला उभं करू नका. तो सभेला आला तर मागं बसू द्या.

‘हे सगळं जर्मनीतलं, आमचा काय संबंध’ असं घरी कोणी म्हटलं, तर सांगा की संबंध आहे. हालेत शिकलेली, डेन्मार्कच्या राजानं पाठवलेली माणसं १७०६ मध्ये तमिळ मुलखात तरंगमबाडीला पोचली. त्याच परंपरेतला श्वार्ट्झ नावाचा मिशनरी तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात मान मिळवून होता आणि सरफोजीराजांच्या शिक्षणाची काळजी त्यानं वाहिली. सरफोजी हिंदूच राहिले, श्वार्ट्झवर त्यांनी वडिलांसारखी माया केली, त्याच्या मरणानंतर इंग्लंडहून संगमरवरी शिल्प करवून आणलं. ह्याच राजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, देवनागरी खिळ्यांनी. आणि तुमच्या नगरचं काय? अमेरिकेत धार्मिक जागृतीच्या लाटेत पेटलेली, पण सेमिनरीत नीट शिकलेली पोरं १८१३ मध्ये मुंबईला उतरली, त्यातून अमेरिकन मराठी मिशन झालं. नगरमधली मिस फॅरर ह्यांची मुलींची शाळा बघून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढावीशी वाटली. तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांना ह्याच मिशननं अक्षर शिकवलं असण्याची शक्यता फार. त्या घराण्यात ‘लेख जिवे मारतो’ असं सांगून मुलाला वर्गातून उठवणं मला तरी शोभत नाही. शिवाय पौलानं ते वाक्य लिहिलं ते दगडी पाट्यांवरच्या नियमशास्त्राबद्दल, बी.डी.च्या अभ्यासक्रमाबद्दल नव्हे. तुमचा मुलगा हे जास्त चांगलं समजावील.

आणि पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये जी जागृती झाली तिच्याबद्दल तुमच्या सभेत नक्की बोललं जात असेल, मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या वगैरे. त्याच मुक्तीमध्ये, त्याच छपराखाली, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. तिथल्या बायका खिळे जुळवत होत्या, छापत होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये पुरं बाहेर आलं. ब्रदरांना विचारा, बाईंना कोणत्या सहा महिन्यांच्या कोर्सला घालायला हवं होतं?

हे जरा टोचून झालं. छोटे कोर्स वाईट नसतात. ज्याला नोकरी सांभाळून संडे स्कूल घ्यायचंय, खेड्यात सभा चालवायचीय, त्याला ते फार उपयोगी पडतात. पण ज्याला प्रश्न पडलाय त्याला प्रश्न नसलेल्या ठिकाणी नेऊन बसवलं की तो तिथं गप्प बसायला शिकतो, बाकी काही नाही.

आता मुलाचं. सगळं त्याच्या बाजूनं बोलले, पण त्याचीही चूक आहे. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एक खोड असते, काल वर्गात ऐकलेलं आज घरच्या प्रार्थनेत टाकायचं, आई-बापांच्या तोंडावर काय येतं ते बघत. सोळावा अध्याय वाचून होताच ते बोलायची गरज नव्हती. जेवणानंतर बोलता आलं असतं. हे त्याला सांगायचा अधिकार तुम्हांला आहे आणि दहावी शिकलेल्या बाईला तो जास्तच आहे. ‘तू म्हणालास ते खरं असेल, पण ज्या तऱ्हेनं म्हणालास त्यानं पप्पा दुखावले,’ एवढं म्हणा. आणि लगेच विचारा, ‘मग मार्क आठव्या ओवीला का थांबला असेल? तुमचे सर काय म्हणतात?’ विचारताना परीक्षा घेतल्यासारखं नको. खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा. तुम्हांला त्याच्या पुस्तकातलं कळत नाही असं लिहिलंत. त्यालाही अजून पुरतं कळलेलं नाही. समजावून सांगायला कोणी असलं की दुसऱ्या वर्षाच्या पोराचा अर्धा गोंधळ बोलता बोलता सुटतो.

फोनवर त्याच्या प्रार्थनेची चौकशी करू नका सध्या. ‘बायबल वाचतोस ना’ असं तर मुळीच नको, तो दिवसभर तेच करतोय. जेवणाचं विचारा, मित्रांचं विचारा, कुठल्या चर्चला जातो ते विचारा. मे महिन्यात घरी आला की पाळकसाहेबांशी बोलून त्याला संडे स्कूलच्या पोरांचा एक वर्ग द्या. हालेत जेवणाच्या बदल्यात पोरांना शिकवायला लावत, त्यात मोठं शहाणपण होतं. दहा वर्षांच्या पोराला दाविद-गल्याथ सांगताना माणसाला हस्तलिखितांचा आव आणता येत नाही.

कॉलेजमध्ये चॅपलेन किंवा विद्यार्थ्यांकडे बघणारे एखादे प्राध्यापक असतील. त्यांचं नाव-नंबर मुलाकडूनच मागा, त्याच्या पाठीमागून फोन करू नका. फोन करायचाच झाला तर ‘तुमच्याकडे पोरं बिघडतात’ ह्या सुरात नको. मुलगा तुमच्याशी मोकळेपणी बोलतो का, एवढंच विचारा. चांगल्या सेमिनरीत ह्या प्रश्नाची वाट बघणारी माणसं असतात.

एक गोष्ट मात्र मी वेगळी काढते. तो गप्प आहे एवढंच तुम्ही लिहिलंत. गप्प असणं आणि खचणं ह्यांत फरक असतो. त्याचं जेवण तुटलं असेल, रात्री झोप नसेल, आवडीच्या गोष्टीही टाकल्या असतील, ‘मी नसतो तर बरं’ असलं काही बोलला असेल, तर त्यात मार्कचाही दोष नाही आणि सैतानाचाही नाही. तेव्हा ना ब्रदर, ना मी; तडक तिकडे जा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. प्रार्थना गाडीत करा.